कॉलरच्या आतला टाका

"बाबा, सरळ आलीय का?"

इतकी वर्षं झाली तरी हा आवाज मास्तरांच्या कानात होता. शिलाई मशीन थांबलं की यायचा, इस्त्री तापत असताना यायचा, आणि शेवटचं गिऱ्हाईक पायरी उतरून गेलं की हमखास यायचा. लेकीने जुन्या चादरीच्या तुकड्यावर आयुष्यातली पहिली लांब शिवण घातली होती आणि जीभ दातांत धरून ती उत्तराची वाट बघत होती. मास्तरांनी तुकडा उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "वाकडी आहे. तुझ्या हाताला वळण नाही."

मशीनखाली रिळांशी खेळत वाढली म्हणून सगळे तिला बॉबिन म्हणायचे. त्या दिवसानंतर बॉबिन मशीनवर बसली नाही. शिकली, मोठी झाली, दूर गेली, आणि तिथे एका कंपनीत ऑनलाइन खेळांतल्या माणसांचे कपडे बेतू लागली. कापड नाही, सुई नाही, दोरा नाही, आणि तरी कपडे. मास्तरांना हे कोडं कधी सुटलं नव्हतं आणि विचारायचं धाडसही झालं नव्हतं.

आता तिने एक टॅब पाठवला होता. फोनवर म्हणाली, यातल्या खेळात शिरा आणि कोण व्हायचं ते निवडा. योद्धा आहे, जादूगार आहे, चोर आहे, वैद्य आहे, कुऱ्हाडवाला आहे. सगळ्यांच्या अंगावरचं माझं आहे. मग म्हणाली, "कंपनी म्हणतेय, पुढच्या खेळाचे सगळे कपडे तूच सांभाळ. हो म्हणू की नको, कळत नाहीये मला. महिनाअखेरच्या रविवारी सांगायचंय. तुम्ही एकदा बघा ना, बाबा."

मास्तर म्हणाले, "बघतो."

ही काही साधी गोष्ट नव्हती. मास्तरांच्या तोंडून 'छान' हा शब्द आजवर कोणी ऐकला नव्हता. कपडा मनासारखा उतरला तर ते कॉलरच्या आत, घालणाऱ्यालाही दिसणार नाही अशा जागी, लाल दोऱ्याचा एक टाका घालत. बाकीचे कपडे 'चालेल' म्हणून घडी होऊन जात. त्या टाक्याचा अर्थ घरातल्या तिघांनाच ठाऊक होता.

कापायच्या टेबलावर, दिव्याखाली टॅब ठेवून मास्तरांनी खेळ उघडला. पाचही जण ओळीने उभे, मापं द्यायला आल्यासारखे. बोट लावलं की गिरकी घ्यायचे. मास्तर चकित झाले. आजवर एकही गिऱ्हाईक इतकं गुमान वळलं नव्हतं. त्यांनी योद्ध्याची पाठ पाहिली, जादूगाराच्या झग्याचा घेर पाहिला, चोराच्या कोटातला चोरखिसा पाहून तर ते टेबलावर ओणवेच झाले. खाली लिहिलं होतं : एकदा निवड पक्की केली की बदलता येणार नाही.

शिंप्याला हे वाक्य म्हणजे कात्रीचा आवाज. बेतण्याआधी कापडाला चार वेळा खडू लावणारा माणूस. बोट पुढे गेलं आणि मागे आलं. पुढे गेलं, मागे आलं.

"अहो, कोणीतरी व्हा की," मास्तरीणबाई आतून म्हणाल्या. "तुम्हाला काय खरंच चोर व्हायचंय?"

"तुझं बरं आहे. काज चुकलं तर उसवता येतं."

काज-बटणांचं गाठोडं आणि आपला फोन घेऊन बाई आतल्या खोलीत गेल्या. संध्याकाळी त्या फोनवर मालिका बघत काजं करतात, असा मास्तरांचा समज होता.

दुसऱ्या संध्याकाळी मास्तरांना एक वाट सापडली. निवड पक्की करण्याआधी त्या त्या माणसाचे कपडे चढवून नवशिक्यांच्या गावात फिरून बघता येत होतं. म्हणजे ट्रायल! इतका ओळखीचा शब्द भेटल्यावर मास्तरांचा जीव भांड्यात पडला. कच्ची शिवण घालून गिऱ्हाईकाला चालायला लावल्याशिवाय कपडा कळतो का कुठे?

गावात बाकीचे नवशिके हातात काठ्या घेऊन उंदरांच्या मागे धावत होते. मास्तर जादूगार होऊन एका ओट्यावर बसले, उठले, बसले. झग्याला झोळ येतो का ते पाहिलं. येत नव्हता. योद्धा होऊन हात वर केले. बगलेत दुहेरी शिवण होती. मास्तर चपापले. बगलेत दुहेरी शिवण घालायची पद्धत त्यांची स्वतःची, त्यांच्या वडिलांकडून आलेली. चोर झाले, तर अस्तर दुमडण्याची तऱ्हाही त्यांचीच निघाली. पोरगी मशीनखाली रिळांशी खेळत होती, पण डोळे वर होते तर.

या शोधाच्या धुंदीत त्यांनी त्या आठवड्यात बँकेच्या अधिकाऱ्याच्या कोटाला चोरखिसा लावून टाकला. अधिकाऱ्याने दोनदा आत हात घालून बघितला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, राहू द्या, उपयोगी पडेल.

पण एक कुतूहल मास्तरांना स्वस्थ बसू देईना. कॉलरच्या आत काय आहे? सगळं त्यांच्यासारखं केलंय, मग तेही केलंय का? स्वतःची कॉलर स्वतःला कुठली दिसायला! समोरच्याने वाकून अभिवादन केलं की मात्र त्याची कॉलर मागून जराशी उघडायची. मास्तर लोकांसमोर वाकू लागले. लोकही सौजन्याने वाकत, पण मास्तर वळसा घालून मागे पोचेपर्यंत ताठ झालेले असत. मग त्यांनी एका बोटाने टाइप करून सरळ विनंती सुरू केली : जरा वाका. अजून थोडं. आता हलू नका.

एखाद्याने ऐकलंही असतं, पण मास्तर ती विनंती चोराच्या वेशात, लोकांच्या पाठीमागे उभे राहून करत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गावात बोभाटा झाला. कोणी म्हणालं खिसे कापतो, कोणी म्हणालं डोक्याने हलका आहे. तक्रारी गेल्या आणि भालेवाल्या रखवालदाराने मास्तरांना धरून कोठडीत टाकलं. ज्या माणसाने कधी गिऱ्हाईकाच्या चिंधीलाही हात लावला नाही, तो आपल्याच दुकानात, आपल्याच टेबलाशी बसून कैदेत पडला.

"बाहेर काढा म्हणावं तर कोणाला म्हणू?" ते हताशपणे पुटपुटले. आतल्या खोलीत बाई खोकल्या.

तेवढ्यात कोठडीच्या गजांपाशी एक कुऱ्हाडवाला आला. दाढी पोटापर्यंत, खांदे कपाटाएवढे. त्याने रखवालदाराशी काहीतरी केलं, दार उघडलं आणि जमलेल्या लोकांसाठी शब्द उमटले : 'त्यांना त्रास देऊ नका. शिंपी आहेत. शिवण बघतायत.'

लोक पांगले. मास्तर मात्र गजांतच उभे. मी शिंपी आहे हे याला कोणी सांगितलं? त्यांनी या गावात कोणालाही आपला धंदा सांगितला नव्हता. मग कुऱ्हाडवाला आपण होऊन वळला आणि चांगला कमरेतून वाकला. कॉलर उघडली. आत अस्तर अगदी चोख बसलेलं होतं आणि टाक्याची जागा कोरी होती.

मास्तर त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. बगल उचलली, अस्तर उचललं, सगळं उचललं. तेवढा लाल टाका तिने उचलला नव्हता. तो उचलायचा नसतो, मिळायचा असतो, हे तिला माहीत होतं. मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला : दाढी असो नाहीतर कुऱ्हाड, ही बॉबिनच आहे.

पण ओळख दाखवतील तर ते मास्तर कसले? उलट त्यांना हे सोयीचंच वाटलं. लेकीशी बोलायचा धीर व्हायचा नाही. दाढीवाल्याशी बोलायला काय जातं? दोघं रोज संध्याकाळी गावच्या विहिरीवर बसू लागले. मास्तर आडून आडून सांगत, मला एक मुलगी आहे. कुऱ्हाडवाला विचारी, मग? मास्तर सांगत, हुशार आहे. कुऱ्हाडवाला विचारी, हे तिला सांगितलंय? मास्तर विषय बदलत. मधेच कुऱ्हाडवाला दगडासारखा स्तब्ध होई आणि नेमका तेव्हाच मास्तरांपुढे चहा येई, त्यामुळे त्यांचा वेळ बरा जाई. एकदा त्यांनी लिहिलं की घरी हे बोलायची सोय नाही, बायकोला सगळं आपल्या आधीच कळलेलं असतं. कुऱ्हाडवाला कुऱ्हाड उचलून चालू पडला. त्या दिवशी चहात साखर नव्हती.

इकडे बॉबिनचा फोन यायचा आणि ती एवढंच विचारायची, "कोण झालात, बाबा?" मास्तर म्हणायचे, "बघतोय अजून." शेवटच्या खेपेला ती म्हणाली, "राहू दे. कळलं मला. नाही म्हणते कंपनीला." फोन ठेवताना तिचा आवाज अगदी तसाच होता, चादरीचा तुकडा हातात घेऊन निघून जातानाचा.

त्या रविवारी दुकान बंद ठेवून मास्तर विहिरीवर जाऊन बसले. कुऱ्हाडवाला आलाच. मास्तरांनी एका बोटाने लिहायला घेतलं आणि कपाळावर घाम आला.

'मी त्या वेळच्या तुझ्याएवढा होतो तेव्हा माझ्या बापाने माझी शिवण बघितली. छान आहे म्हणाला. त्या एका शब्दाने मी मशीनला शिवला गेलो. मान गेली, पाठ गेली, चार गावं बघायची राहिली. तुझी शिवण माझ्याहून सरळ होती. म्हणून वाकडी म्हणालो. बॉबिन, तूच आहेस ना?'

कुऱ्हाडवाला हलला नाही. चहाची वेळही नव्हती.

आतल्या खोलीत काहीतरी पडलं, बटणांचा डबा असावा. बटणं घरंगळत उंबऱ्यापर्यंत आली आणि त्यांच्या मागोमाग मास्तरीणबाई. हातात फोन होता आणि फोनमध्ये विहिरीवर बसलेला कुऱ्हाडवाला.

"बॉबिन नाही," त्या म्हणाल्या. "मी आहे."

मास्तरांनी टॅबकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पुन्हा दाढीकडे पाहिलं.

"तू? कधीपासून?"

"पोरीने बघा म्हणून दोघांनाही सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत कधी?" त्यांनी पदराने डोळे पुसले, पण आवाजातली धार गेली नव्हती. "मी तर एका दमात निवडलं. कुऱ्हाडवाल्याला सहा खिसे आहेत. तुमच्या संसारात मला एक खिसा शिवून मिळाला नाही."

"पण अगं, हे सगळं..."

"एवढी वर्षं मलाही वाटत होतं की पोरीचा हात वाकडा. आमच्या दोघींपासून लपवलंत आणि सांगितलंत कोणाला, तर दाढीवाल्याला." त्यांनी फोनवरचा खेळ बंद केला, बोट दाबलं आणि फोन मास्तरांच्या हातात दिला. पलीकडे घंटी वाजत होती. "आता हेच तोंडाने सांगा. टाइप करायचं नाही."

"कोण झालात, बाबा?" बॉबिनने विचारलं. सवयीने विचारलं, उत्तराची आशा नसल्यासारखं.

मास्तरांनी घसा साफ केला. पायाने उंबऱ्यातलं एक बटण उगाच पुढे-मागे केलं. बाई कमरेवर हात ठेवून समोर उभ्या होत्या, कुऱ्हाडीची तेवढी उणीव होती.

"मी कोण ते राहू दे," मास्तर म्हणाले. "ती चादरीवरची शिवण आठवते तुला? सरळ होती गं. माझ्याहून सरळ होती."

पलीकडून श्वास ऐकू आला, जीभ दातांत धरल्यावर येतो तसा.

"ऐकतेस ना? कंपनीला हो म्हण. त्या वैद्याची डावी बाही उसवून पुन्हा लाव, खांद्यात ओढतेय." मग हळूच म्हणाले, "बाकी सगळ्यांना, कॉलरच्या आत, लाल टाका घाल."