पहिले हजार किलोमीटर

नवं इंजिन वळणाला कसं लावायचं, हे आसारामला कुणी शिकवायची गरज नव्हती. तलवाड्याच्या शिवारात त्यानं आजवर चाळीसेक गोऱ्हे जुवाला लावले होते, आणि त्यातल्या एकानंही पुढं मालकावर शिंग उगारलं नव्हतं. त्यामुळं शोरूममधला टायवाला मुलगा नियम सांगायला लागला तेव्हा आसाराम लेकराचा पाढा ऐकावा तसा मान डोलवत राहिला. पहिले हजार किलोमीटर गाडी साठच्या वर न्यायची नाही. पण एकाच चालीनं ओढायचीही नाही. कधी जोरात, कधी सावकाश. ओझं भरायचं नाही. उभ्या गाडीचं इंजिन उगाच चालू ठेवायचं नाही.

"आमी बी हेच करताव," आसाराम म्हणाला. "पयला म्हैना मोकळी गाडी जुपायची, अन् चाबूक खुंटीला."

राखाडी गाडी दारात आली. आसारामच्या बायकोनं, रतनबाईनं, बॉनेटवर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली, लिंबू चाकाखाली ठेवलं, आणि जात्यावर बसल्यासारखा सूर धरला :

गाडी आली गं दारात, तिला लाविते मी गंध
बाळ सोमनाथ माजा, चालवील मंद मंद

ही ओवी आसारामनं आज्ञेसारखी पाळली. दोन महिन्यांत गाडी बाजाराच्या पलीकडं फारशी गेली नाही. दिवसा ती चिंचेखाली उभी असायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आसाराम सांगायचा की इंजिन अजून लहान हाय. गाडी धुतली की मीटर शून्यावर येतं, असं सोमनाथनं सांगितल्यामुळं तो आठवड्याआठवड्याचे आकडे जोडत होता, आणि त्या मोजणीनं आतापर्यंत तीनशे दहा किलोमीटर झाले होते. उरलेले सहाशे नव्वद तो डोळ्यांत तेल घालून पार पाडणार होता.

त्यातच घाटनांदूरचं स्थळ आलं. गेवराईत बियाण्यांच्या दुकानात बसणाऱ्या सोमनाथला याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. यावेळी पोरानं आईला सांगून टाकलं होतं, हे जमलं तर जमलं. नाही तर पुन्हा माझ्यासाठी कुणाच्या ओसरीवर जाऊन बसू नका. मुलगी उज्ज्वला, शेतकी पदविका झालेली. बाप राधाकिशन मवाळ माणूस, पण त्या घरात शब्द चालायचा तो मुलीच्या मामाचा, त्रिंबकमामाचा. तो माजलगावाकडून अकराला पोचणार होता. त्याच्यापुढं नीट वागा, एवढंच मध्यस्थ सुग्रीवनं, मामाला स्वतः कधी न पाहता, फोनवर चार वेळा बजावलं होतं.

नीट वागायचं म्हणून आसारामनं नवा फेटा बांधला आणि सोमनाथच्या शेजारी बसून वशिंडावर ठेवावा तसा हात डॅशबोर्डवर ठेवला. तो म्हणायचा, सोड. सोमनाथ साठपर्यंत न्यायचा. आसाराम मनात शंभर मोजायचा आणि म्हणायचा, आवर. गाडी तीसवर यायची. पुन्हा शंभर, पुन्हा सोड. मागच्या सीटवर रतनबाई पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन झोक्यावर बसल्यासारखी पुढंमागं होत होती.

माजलगाव सोडल्यावर एक धुळकट पांढरी जीप दिसली. आत पाच फेटे. 'सोड'च्या वेळी आसारामची गाडी तिच्या पुढं गेली. 'आवर'च्या वेळी जीप पुढं गेली. पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही. तिसऱ्यांदा जीपमधले फेटे वळले. पाचव्यांदा जीपच्या चालकानं हॉर्नवर कोपर टेकवून ठेवलं. त्यांचा गैरसमज होऊ नये म्हणून आसारामनं खिडकीतून हात काढून पंजा खालीवर केला, बुजलेल्या जनावराला शांत करतात तसा. मागून रतनबाई, वडीलधारी माणसं दिसतात म्हणून, दर खेपेला हात जोडत होती. पुढं जाताना नमस्कार, मागं पडताना नमस्कार. सातव्या नमस्काराला जीपमध्ये पुढं बसलेल्या पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्यानं काठी बाहेर काढली.

सोमनाथ काकुळतीला आला होता. एक तर जाऊ देऊ एकाच चालीनं, नाही तर कायम मागं राहू, असं तो विनवत होता. आसारामनं त्याला समजावलं की कोवळ्या जनावराला एकाच चालीची खोड लागली तर जन्मभर सुटत नाही.

सिरसाळ्याच्या अलीकडं आसारामनं लिंबाच्या सावलीत गाडी थांबवली, बॉनेट उघडलं आणि पंच्यानं इंजिनाला वारा घातला. जीप भुर्रकन निघून गेली. सोमनाथनं सुटकेचा निःश्वास टाकला. पण पुढच्या फाट्यावर जीपवाले चहाला उतरले होते. चहा पिऊन ते निघाले आणि त्यांच्यापुढं पुन्हा तीच राखाडी गाडी, तोच पंजा, तोच नमस्कार.

परळीच्या बाहेर, वीजकेंद्रातल्या राखेचे ट्रक जिथून धुरळा उडवत वळतात तिथं, सुग्रीव उभा होता. मोठ्या अंगाचा माणूस, हातात नारळांची पिशवी. गाडी थांबताच त्यानं दाराला हात घातला. आसारामनं आतून काच चार बोटं खाली केली. त्याला खरंच वाईट वाटत होतं, पण इंजिनाचा प्रश्न होता. तीन माणसं गाडीत आहेतच, आणि सुग्रीव एकटा दोघांच्या वजनाचा. तेव्हा त्यानं राग न धरता मागून कशानं तरी यावं, असं आसारामनं त्याला गोडीत सांगितलं.

"आरं, मी मध्यस्थ हाय तुमचा," सुग्रीव म्हणाला.

"म्हणूनच सांगायलो. परक्याला सांगितलं असतं का?"

गाडी सावकाश निघून गेली. पाठोपाठ आलेल्या जीपला सुग्रीवनं हात केला. जीपवाल्यांनी दया येऊन त्याला मागं कोंबलं. आत त्या राखाडी गाडीचा उद्धार चाललाच होता. पायात राख, डोक्यात राग, अशा अवस्थेत सुग्रीवनंही दोन शब्द घातले. असली माणसं मी जन्मात पाहिली नाहीत, ओळख दाखवायच्या लायकीची नाहीत, असं तो म्हणाला. सगळ्यांना ते पटलं. आपण कुणाच्या जीपमध्ये बसलोय आणि ती कुणाच्या दारात चाललीय, हे त्याला उमगलं तोवर घाटनांदूरची वेस आली होती.

आसाराम पोचला तेव्हा सव्वाबारा झाले होते. राधाकिशनच्या अंगणात धुळकट पांढरी जीप उभी होती. सोमनाथनं ती बघितली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

ओसरीवर पाच फेटे रांगेत बसले होते. मधल्या पांढऱ्या मिशा म्हणजे त्रिंबकमामा. सुग्रीव खांबाला पाठ लावून नारळांची पिशवी कुरवाळत होता. आसारामनं रामराम घातला, तो कुणी घेतला नाही. पुढं आलेला चहाचा कप मामानं बोटानं परत सारला.

"राधाकिशन," मामा म्हणाला, "ज्या माणसाचं चित्त रस्त्यावर थाऱ्यावर न्हाई, त्याच्या घरात पोर देयाची न्हाई. पंधरा बार आडवं गेलाय मला ह्यो. अन् वरून हात जोडून हिणवतोय. ह्या मध्यस्थाला इचारा, यानं सोता सांगितलं काय लायकीची माणसं हायेत ती."

सुग्रीवनं पिशवीत तोंड खुपसायचंच बाकी ठेवलं. रतनबाईनं डबा घट्ट धरला. सोमनाथ तर अंगणातल्या कोंबड्यांकडं असा बघत होता, जणू आता जन्म त्यांच्यातच काढायचा आहे.

आसारामनं फेटा काढून हातात घेतला. मग खाली बसून त्यानं सगळं सांगितलं : हजार किलोमीटर, साठचा आकडा, कमीजास्त चाल, मोकळी गाडी. वाटेत कुणाशी बरोबरी करावी असं मनात शिवलंही नाही, गाडी पुढं काढायची हौस आपल्याला बिलकूल नाही, इंजिनाच्या काळजीपोटी सगळं घडलं, असं तो शपथेवर म्हणाला. गोऱ्ह्याची गोष्ट निघाली तसा मामा किंचित पुढं सरकला. त्याच्याही दावणीला बैल होते. कोवळ्या जनावराला ओझं घालणारा माणूस त्यालाही आवडत नसे.

"किती झाले मग किलोमीटर?" त्यानं विचारलं.

"आजचे धरून साडेचारशेच्या आत."

खरं-खोटं बघायला मामा उठला. मागोमाग सगळी ओसरी अंगणात आली. मामानं गाडीत बसून किल्ली फिरवायला लावली, डोळे बारीक केले, आणि स्वतःच्या जीपमध्ये सवय असल्यासारखं मीटरखालचं एक बटन दाबलं. आसारामला रोज दिसणारा आकडा गेला आणि दुसरा आला.

"एकोणीसशे चाळीस," मामानं वाचलं. "पाव्हणं, मगाचा आकडा कुणीबी पुसून शून्यावर आणतंय. ह्यो दुसरा खरा. हजार कवाच झाले तुमचे."

आसारामला वाटलं मीटर बिघडलं. मग त्यानं पोराकडं बघितलं. सोमनाथचे कान पिकल्या मिरचीसारखे झाले होते. बहुतेक रविवारी तो गाडी धुवायला म्हणून गेवराईला न्यायचा आणि दिवेलागणीला आणायचा. रतनबाईनं ते रविवार बोटांवर मोजले. सहा भरले. तलवाड्याहून घाटनांदूरच्या बाजूला जाऊन येऊन किती होतात, हे आज सगळ्यांनाच कळलं होतं.

कुणी काही बोलायच्या आत उंबऱ्यातून उज्ज्वला पुढं आली. पदराला पीठ होतं, आवाज मात्र स्वच्छ होता.

"मामा, आमी एकाच वर्गात होतो. मीच बोलावत होते त्याला. अंबाजोगाईच्या बसस्टँडवर बसून बोलायचो, दुसरं काही न्हाई. माझ्यासाठी आता दुसरीकडं बघू नका."

मामा भाचीकडं वळला. ती लहान असताना त्याच्या बैलगाडीत पुढं बसायला हट्ट करायची, तेव्हाही अशीच हनुवटी वर करून उभी राहायची. त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि परत सारलेला कप कुठं आहे म्हणून विचारलं. राधाकिशननं डोळे पुसले. रतनबाईनं डबा उघडून पहिला पेढा उज्ज्वलाच्या तोंडात घातला. खांबाआडून सुग्रीव बाहेर आला आणि हे स्थळ आपण किती पारखून आणलं होतं ते सांगायला लागला.

एकटा आसाराम गाडीपाशी उभा होता. त्याच्या मनात काहीतरी हळूहळू जुळत होतं. अखेर तो सोमनाथकडं वळला.

"म्हंजी आज साठच्या वर नेली असती तर चाललं असतं?"

"चाललं असतं, आबा. शंभरनं बी पळालीय ती."

"मग वाटंत सांगायचं न्हाई का, बे? पंधरा बार ह्यांची जीप पुढं जाऊ दिली की आपुन!"

ओसरीवर मामाचा कप ओठाशीच थांबला. आसारामला आपण काय बोललो ते कळलं, आणि त्यानं हातातला फेटा घाईघाईनं डोक्यावर नाही, तोंडावर धरला.