टिपाडावरची रेघ

चहा घेता का म्हणून विचारलं तर माणूस ‘घेतो’ म्हणतो, नाहीतर ‘आत्ताच झाला’ म्हणतो. आमच्या गावचे लिंबाजीमामा ‘कावून?’ म्हणायचे. म्हणजे ‘का?’ आता चहा का द्यायचा याचं कारण कुणी काढून ठेवलेलं असतं का? पण मामांना कारण लागायचं. ‘पाहुणे आलात म्हणून’ म्हटलं तर म्हणायचे, “मी रोजच येतो, पाव्हणा कसा?” शेवटी वैतागून ‘उरलाय म्हणून’ असं खरं सांगितलं, की खूश होऊन कप उचलायचे.

मामांची सगळी हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसानं भरलेला ट्रक आधी तोलायचा, मग रिकामा तोलायचा; भरल्यातून रिकामं वजा केलं की खरा ऊस. नोकरी संपली, पण डोळ्यांतला काटा काही थांबला नाही. समोर येईल त्याचा अंदाज घ्यायचे. तेलगावला एका लग्नात पंगतीत बसले असताना मला म्हणाले, “बाई, औंदा चार किलोनं वाढल्या.” मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी दवाखान्यातल्या काट्यावर उभी राहिले आणि दहाव्या दिवशी निमूट बोलायला लागले.

मी गावची बालवाडी चालवते. सोसायटीच्या जुन्या गोदामात, चेअरमनच्या मर्जीवर. दिवाळी झाली की निम्मा गाव ऊसतोडीला जातो आणि लहान लेकरं आजी-आजोबांकडे राहतात. माझी रीत साधी: दोन गाणी, दहापर्यंत आकडे, खिचडी, घरी. मामी वारल्यानंतर काही दिवसांनी मामा एकदा बालवाडीच्या दारातल्या लिंबाच्या सावलीला म्हणून टेकले, आणि तीन वर्षं उठलेच नाहीत.

पहिल्यांदा त्यांनी तूर, मूग, ज्वारी, करडई एकत्र करून पोरांपुढं ओतली. म्हणाले, “वेगळं करा.” मला वाटलं, चला, निवडायचं कामही होईल. पण मामांना निवडण्याशी देणंघेणं नव्हतं. बाळ्यानं दोनच ढीग केले, त्यात सगळंच मिसळलेलं. मी ओरडणार, तोच मामा म्हणाले, “कावून रं असं?” बाळ्या म्हणाला, “हे आजीला चावतंय, हे न्हाई चावत.” मामांनी त्याची पाठ थोपटली. “दात बघून केलं! लई भारी!” मला मात्र सगळं पुन्हा निवडावं लागलं.

कधी ते धुळीतली पावलं दाखवून कोण गेलं ते ओळखायला लावायचे. कधी एका पेल्यात चिंचोके, खडे, काड्या टाकून काय तरंगेल ते आधी विचारायचे, मग तेच पाणी लिंबाला घालायचे. खिचडी झाली की ‘मिठाचा अंदाज घेतो’ म्हणून ताटली पुढं करायचे. मिठाच्या अंदाजाला दोन ताटल्या लागतात हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मी तसं टोमणा मारून बोलायचे, आणि ते शांतपणे खायचे.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. टँकर तीन दिवसांतून एकदा यायचा आणि गल्लीत प्रत्येक दारापुढं पाण्याचं टिपाड, म्हणजे पत्र्याचं पिंप, उभं असायचं. मामांना नवा खेळ सापडला. टिपाडात काठी बुडवायची, किती भिजली ते बघायचं आणि तेवढ्यावर बाहेरून कोळशाची रेघ ओढायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. मधलं अंतर म्हणजे त्या घरानं वापरलेलं पाणी. मग विचारायचं, आज जास्त कावून गेलं? पाच वर्षांची गंगी म्हणायची, “बाळ्याच्या घरी पाव्हणे आलेत.” आणि आलेले असायचे.

एक दिवस ही पलटण चेअरमनच्या दारात पोचली. चेअरमन चार मोठ्या माणसांबरोबर ओसरीवर बसले होते. गंगीनं विचारलं, “तुमी घरात दोघंच, टिपाडं तीन. कावून?”

तिसरं टिपाड दुसऱ्या दिवशी परसात गेलं, आणि चेअरमन माझ्याकडं आले. “बाई, पोरांना गाणी शिकवा. फौजदार करू नका. त्या म्हाताऱ्याला इथं बसू देऊ नका.” बोलताना ते गोदामाच्या कुलपाकडं बघत होते.

मी घाबरले. मामांना म्हणाले, “थोडे दिवस येऊ नका.”

“कावून?”

“वरून साहेब यायचेत,” मी खोटं बोलले. मामांनी माझ्याकडं बघितलं. ट्रकमध्ये उसाऐवजी पाचट भरलंय हे ओळखणारा माणूस तो. काठी घेऊन निघून गेले. त्या दिवशी मिठाचा अंदाज कुणी घेतला नाही.

चारेक दिवस झाले. पोरं रेघा ओढतच होती. एका सकाळी गंगी म्हणाली, “बाई, मामाच्या टिपाडाची रेघ हलंना.”

“मामा आंघूळ करीत न्हाई!” बाळ्या ओरडला आणि सगळे खिदळले. कुणी म्हणालं, टिपाडाला झरा लागलाय. गंगी मात्र हसली नाही.

“आंघूळ न्हाई केली तर न्हाई. पर भाकरीच्या पिठाला पाणी लागतंय की. मी बघून आले. मामाच्या चुलीत मांजर निजलंय.”

“मग?” मी विचारलं.

“मांजर कावून निजलं? चूल गार हाय म्हणून. मामा सैपाकच करीत न्हाईत, बाई. एकट्यासाठी कोण करतंय?”

मला शरमेनं मान वर करवेना. दोन ताटल्यांचं कारण मला तीन वर्षांत सापडलं नव्हतं. मी नुसते टोमणे मारत राहिले. पोरीनं ते एका काठीनं शोधून काढलं.

तशीच उठले आणि पोरांची रांग घेऊन मामांच्या घरी गेले. ते बाजेवर पडून आढ्याकडं बघत होते. उतरल्यासारखे दिसत होते. किती किलोनं, ते मला सांगता येईना.

“मामा, चला बालवाडीत.”

“कावून?”

साहेब येऊन गेले, पोरं ऐकत नाहीत, अशी कारणं माझ्या तोंडाशी आली. तेवढ्यात गंगी म्हणाली, “खिचडी उरती.”

“उरती कावून?”

“आमी समदे हाव. तुमीच न्हाई.”

मामा बाजेवर उठून बसले. मग उपरण्यानं डोळे पुसले आणि मला म्हणाले, “चेअरमन?”

“त्यांना मी बघते. गोदामाला कुलूप लावलं तर लिंबाखाली भरवू.”

त्यांनी बाजेखाली पायानं चप्पल चाचपली. गंगीनं काठी आणून दिली.

त्या दिवशी मिठाचा अंदाज घ्यायला मामांना तीन ताटल्या लागल्या. कावून, ते मी विचारलं नाही.