जावईबापूंची गोळी

दिगंबरकाका स्वतःच्या उजव्या हाताला अहोजाहो करायचे. "जावईबापू, समोर चहा हाय. जरा दमानं!" असं म्हणेपर्यंत हात उसळायचा आणि कपबशी भिंतीवर. मग काका आम्हाला समजावून सांगायचे, "मनाला येईल तवा उठतेत, येईल ते करतेत. रागवायची सोय न्हाई. जावईच की!"

पाथरीत ते आमचे शेजारी. कापडाच्या दुकानात साड्या दाखवायला असायचे. रक्तदाब वाढून मेंदूत रक्तस्राव झाला. त्यातून वाचले, चालू-बोलू लागले, आणि काही आठवड्यांनी उजवा हात आपोआप फेकला जाऊ लागला. तरी दुकानात गेलेच. झटक्यासरशी साडी पार उंबऱ्यापर्यंत उलगडायची. "पदर बघा, मावशी!" काका म्हणायचे. बाया हसायच्या, साडी घ्यायच्या.

परभणीच्या डॉक्टरांनी हॅलोपेरिडॉलच्या गोळ्या दिल्या. हात थांबायचा, पण काका पेंगायचे, जीभ जड व्हायची. "गोळी जावयाला अन् झोप सासऱ्याला, ह्यो कुठला न्याय?" म्हणत ते गोळी चुकवायचे.

एके सकाळी सुमनकाकू त्यांना भाकरी वाढत होत्या. हात उसळला तो थेट काकूंच्या डोळ्याखाली. आम्हाला काकूंनी सांगितलं, "दाराची कडी लागली." काका शेजारीच बसले होते. उजवा हात डाव्या हातानं मांडीवर दाबून धरला होता.

त्या दिवसापासून त्यांनी गोळी कधी चुकवली नाही. हात गप्प झाला, काकाही. चेहरा ताठ, ओठातून लाळ. दुकान सुटलं.

शेवटी काकूंबरोबर मीही त्यांना परभणीला घेऊन गेलो. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसटीचा भरवसा नव्हता, म्हणून जीपनं.

"साहेब, हात हलला तर हलू द्या," काकू डॉक्टरांना म्हणाल्या, "पण ह्यांना बोलू द्या. घर लय गप झालंय."

काकांनी कष्टानं तोंड उघडलं. "कमी... करू नका. हिला... लागतंय."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

डॉक्टर म्हणाले, "हा ताठरपणा गोळीचाच आहे. मात्रा हळूहळू उतरवू. मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही."

पुढं काकांचं बोलणं परत आलं, हातही निवत गेला. पण मला आठवतो तो परतीचा प्रवास. जीपमध्ये काका उजवा हात दाराकडे करून, सगळ्यांपासून लांब बसले होते. काकू वळसा घालून आल्या, "सरका तिकडं," म्हणाल्या, आणि त्याच बाजूला बसून त्यांनी तो हात आपल्या मांडीवर घेतला.

मानवत गाव मागं पडल्यावर काकांनी विचारलं, "लय... लागलं व्हतं का?"

काकू बाहेर बघत म्हणाल्या, "न्हाई."