रोडावलेला हलवाई

एकदा मनावर घेतलं की मी करून दाखवतो, हे आमच्या अख्ख्या त्रिपोलीला ठाऊक आहे. अडचण एवढीच, की पन्नाशी ओलांडेपर्यंत मी काही मनावरच घेतलं नव्हतं.

मी हलवाई. वडील हलवाई, आजोबा हलवाई. साय भरलेल्या चीजच्या वळकट्या, वर पाक आणि गुलाबपाकळ्यांचा मुरंबा. लेबनॉनच्या कानाकोपऱ्यातून लोक त्या खायला आमच्या गावात येतात, आणि त्यातले समजूतदार लोक माझ्या दुकानात येतात. बाकीचे समोरच्या अब्दुलकादिरकडे जातात. घराण्याच्या रीतीप्रमाणे माझं पोट काउंटरला माझ्या आधी पोचायचं. वळकट्या कापताना कडेचे तुकडे उरतात. ते मी कधी खाण्यात धरले नाहीत. मग काय फेकून द्यायचे?

एका शुक्रवारी बायकोचा भाचा निझार जेवायला आला. तो डॉक्टर आहे. मी जिना चढत असताना माझी धाप त्याला आतल्या खोलीत ऐकू गेली. दुसऱ्या दिवशी रक्त तपासून म्हणाला, "काका, गोड बंद करा आणि रोज चाला. नाहीतर माझ्याकडे खाट राखून ठेवतो."

"हलवायाला गोड बंद?" विसाल, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

"मावशी, खाटीक काय दिवसभर मटण खातो?"

"आमचा खातो," मी म्हटलं.

पण मी मनावर घेतलं. विसालला सांगितलं, "बघच तू. उन्हाळ्याच्या आत लग्नातला कोट अंगात घालून दाखवतो."

"तो कोट मी केव्हाच देऊन टाकला," ती म्हणाली. "मी आशा सोडली त्याला बरीच वर्षं झाली."

समुद्रकाठी चालायला लागलो. आता आमच्याकडे माझ्या वयाचा माणूस पायी दिसला, तर त्याचे दोनच अर्थ होतात. गाडी बंद पडली, नाहीतर बायकोने हाकललं. दर चार पावलांना एक मोटार थांबायची. "अबू राशिद, बस." (मुलगा राशिद, म्हणून मी अबू राशिद, राशिदचा बाप.) नको म्हटलं की समोरचा दुखावायचा, "माझ्यावर रागावलास का?" मग बसावं लागायचं. मग त्याच्या घरी कॉफी, कॉफीबरोबर बकलावा, तोही अब्दुलकादिरकडचा. पहिल्या आठवड्यात माझं वजन वाढलं. शेवटी मी संत्र्याच्या बागांमागची पायवाट धरली. तिथे फक्त शेळ्या भेटायच्या, आणि शेळ्या कुणाला गाडीत बसायचा आग्रह करत नाहीत.

हिवाळाभर काकडी, मसुराचं सूप आणि चालणं. थंडी सरेपर्यंत माझी विजार केवळ पट्ट्याच्या भरवशावर उभी होती. जिना इतका गुपचूप चढायला लागलो, की विसाल दचकायची. मला वाटलं, आता गाव कौतुक करील. गाव म्हणालं, "अरेरे."

मग आल्या हजयात्रा करून आलेल्या हाज्जा बहिजा. आमच्या मोहल्ल्यात यांच्या पसंतीशिवाय कुणाचं लग्न ठरत नाही आणि ठरलं तर टिकत नाही. नातवाच्या लग्नाची सगळी मिठाई माझ्याकडे सांगायला आल्या होत्या. दुकान भरलेलं होतं.

"पोरा, तू एवढा का वाळलास?"

"हाज्जा, तब्येत ठणठणीत आहे."

"मग ही वळकटी माझ्यासमोर खा बघू."

मी हात जोडले. "नको हाज्जा. डॉक्टरांनी मला ही खायची सक्त मनाई केली आहे."

एका गिऱ्हाइकाने तोंडाशी नेलेला चमचा हळूच परत बशीत ठेवला.

संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी पोचली, की डॉक्टरांनी अबू राशिदच्या मिठाईवर बंदी घातली आहे. मधला 'मला' हा शब्द वाटेतच कुठेतरी सांडला होता. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचा अन्ननिरीक्षक आला. कढया हुंगल्या, साय चाटली, सात प्रकारच्या मिठाया तपासून बघितल्या आणि त्यातल्या दोन, शंका फिटेपर्यंत, पुन्हा तपासल्या. सगळं ठीक आहे म्हणाला. पण तो आत गेलेलं सगळ्यांनी पाहिलं. त्याचं म्हणणं कुणीच ऐकलं नाही. हाज्जा बहिजांच्या घरचं लग्न समोर गेलं. अब्दुलकादिर दारात खुर्ची टाकून, पोटावर हात ठेवून बसला होता. "शेजारी, काही लागलं तर सांग," तो म्हणाला, "डॉक्टर वगैरे."

माझ्या परातींतली साय आंबट व्हायला लागली. कारागीर दोन होते, त्यातला एक समोर काम मागून आला.

तिसऱ्या दिवशी विसाल सुईदोरा घेऊन बसली. "लोक हलवायाचं पोट बघून दुकानात येतात," ती म्हणाली. "हात वर कर." राशिदची लहानपणची दुलई घडी घालून, कापूस भरून तिने माझ्या कमरेला पट्ट्यांनी बांधली. वरून सदरा घातला आणि चार पावलं मागे जाऊन मान वाकडी करून बघितलं.

"जुन्यापेक्षा सुबक झालंय," ती म्हणाली.

आणि ते चाललंसुद्धा. "आता कसा माणसात आलास," असं म्हणत गिऱ्हाइकं परत यायला लागली. हिवाळाभर उपाशी राहून कमावलेलं शरीर मी दुलईखाली झाकून पाकाच्या कढईपाशी घाम गाळत होतो. महिनाभर हे निभलं. मग लग्नाला आठवडा असताना हाज्जा बहिजा सुना आणि लेकींसह दुकानात शिरल्या. समोरच्याची साय त्यांना पातळ वाटली होती. लग्न परत माझ्याकडे येणार, हे दिसत होतं. मी उत्साहाने खालच्या फळीवरची परात काढायला वाकलो.

एक पट्टा तुटला. पोट आधी डाव्या बाजूला गेलं, मग मांडीवर आलं, आणि मी सरळ उभा राहिलो तेव्हा ते हाज्जांच्या पायाशी पडलं होतं.

त्यांनी ते उचललं. उलटसुलट करून पाहिलं.

"यावर बदकं आहेत," त्या म्हणाल्या.

मी ढगळ झालेला सदरा विजारीत खोचला.

"म्हणजे तू खरंच बारीक आहेस?"

"हो, हाज्जा."

"आजार नाही ना काही? माझ्या गळ्याची शपथ घे."

"शपथ. काही नाही."

"मग लपवत का होतास?" त्यांनी लेकीसुनांकडे वळून पाहिलं. आवाज खाली आणला. "लोक सोनं लपवतात. हा बारीकपणा लपवतोय. दिवसभर मिठाईत उभा असतो आणि असा काटकुळा. याच्या मिठाईत काहीतरी आहे."

"हाज्जा, काकडी खाल्ली मी. मसूर खाल्ले. रोज चाललो."

"कुठे चाललास? तुला चालताना पाहिलंय कुणी?"

कुणीच पाहिलं नव्हतं. शेळ्यांना साक्षीला बोलावता येत नाही.

लग्नाची मिठाई माझ्याकडेच झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानाबाहेर बायकांची रांग लागली. अन्ननिरीक्षक साध्या कपड्यांत येऊन दोन डबे घेऊन गेला. निझारचा फोन आला. "काका, माझे पेशंट सांगतात, आम्ही तुमच्या काकांच्या औषधावर आहोत. हे काय चाललंय?" मी घाबरून दारावर पाटी लावली: 'या मिठाईने वजन कमी होत नाही.' लोक ती वाचून एकमेकांना कोपर मारायचे. होत नसतं, तर पाटी कशाला लावली असती?

मी प्रत्येकाला खरं सांगितलं, अगदी घसा बसेपर्यंत. जितकं सांगावं तितकी रांग वाढायची. आणि एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. आता मला जाड व्हायची सोय राहिली नव्हती. पूर्वी निझार सांगायचा, आता धंदा सांगत होता. कडेचा एखादा तुकडा उचलला, की विसाल माझ्या हातावर चापट मारायची. ज्या बाईने मला पोट शिवून दिलं, तीच म्हणायची, "राशिदचं लग्न व्हायचंय अजून. ठेव ते खाली."

ईदच्या आदल्या दुपारी रांग कोपऱ्यावरून वळून मशिदीपर्यंत गेली होती. एकजण नाकातोंडावर रुमाल बांधून काउंटरपाशी आला. रुमालाखालचं पोट मी कुठेही ओळखलं असतं.

"अब्दुलकादिर?"

"हळू बोल. बायकोसाठी हवंय. एक मोठं तबक."

"अरे बाबा, तू हलवाई आहेस," मी म्हटलं. "तुला तरी कळायला हवं. यात काही नाही. तुझ्याकडे आहे तीच साखर, तीच साय."

"हो, हो," तो म्हणाला आणि डोळा मिचकावला. "सगळ्यांना तू हेच सांगतोस म्हणे."

मी तबक बांधून दिलं. काय करणार? खरं बोलून बोलून मी थकलो होतो, आणि रमजानचा शेवटचा रोजा सोडायला घरी विसालने काकडी चिरून ठेवली होती.