कॅरॅव्हॅनमधल्या पंख्याचा खून

गुन्हा घडल्यावर शोधणारे पुष्कळ. घडायच्या आधीच शोधणारी अख्ख्या बेंगळुरूत मी एकटीच. माझी तान्ही लेक रम्या शिंकायच्या आधी मला शिंकेचा सुगावा लागतो. बेळ्ळंदूरच्या आमच्या सोसायटीत मला बघून डाससुद्धा लिफ्टने परत जातात.

तर, भाड्याची कॅरॅव्हॅन, कनकपुरा रोडवरचा कॅम्प. चाकांवरचं घरच ते. फक्त वीज बाहेरच्या खांबावरून जाड केबलने घ्यायची. बेत माझा, सोबत सासूबाई. नवऱ्याची, श्रीरंगची, अट एकच: "रम्या रडली की थेट घरी." आणि रम्या पंख्याशिवाय झोपत नाही, हा माझा सिद्धांत.

भरदुपारी ती झोपली आणि पंखा थांबला.

"करंट गेला वाटतं. निघू या?" श्रीरंग फारच आनंदाने म्हणाला. संशयित पहिला!

पण शेजारच्या कॅरॅव्हॅनमध्ये मिक्सर चालू होता. मी केबल तपासली. "माकडाने चावलीय! हे बघ दात."

"माझ्या बुटाचा ठसा आहे तो."

मग मी आतल्या विजेच्या पेटीतलं एकेक बटण दाबलं. फक्त दाराखालची पायरी बाहेर आली.

इतक्यात कॅम्प सांभाळणाऱ्या अहल्या अक्का खांबाकडे बोट दाखवून ओरडल्या, "ऑफ आगिदे!"

माझं कन्नड 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, याच्या पुढे गेलेलं नाही. पण आग कुठल्याही भाषेत आगच. रम्याला उचलून मी बाहेर झेप घेतली. "श्रीरंग, उडी मार! आग!"

त्याने मारली. पायरी बाहेर असूनही.

झाडाखाली शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंचा उभा जन्म राजाजीनगरात गेलेला. त्या शांतपणे म्हणाल्या, "आग नव्हे गं, आगिदे. म्हणजे झालंय. खांबावरचं बटण बंद झालंय म्हणते ती."

"झालंय? कुणी केलं?"

"मीच की. बटणावरचा तांबडा दिवा उगाच जळत होता उन्हात."

मला संशय होताच.

अक्कांनी बटण दाबलं. पंखा घरघरला. आणि एवढ्या आरडाओरड्यात माझ्या खांद्यावर गाढ झोपलेल्या रम्याने त्या घरघरीने डोळे उघडून ओठ काढला. श्रीरंगने लगेच गाडीची किल्ली काढली.

"स्वल्प थांब रे," म्हणत सासूबाई खांबाकडे निघाल्या.

पंखा थांबला. रम्याने पुन्हा डोळे मिटले. किल्ली खिशात गेली.

केस बंद. बटणही.