सॅमसनकाकांनी रिजेक्ट केलेलं मिलान

आमच्याकडे पाहुणे आले की चपला काढतात आणि "काय म्हणताय?" विचारतात. सॅमसनकाका चौलकर आल्या आल्या किचनमध्ये जातात आणि नळ सोडतात. धारेखाली बोट धरून उभे राहतात. गरम पाणी यायला वेळ लागला की मान हलवतात. मग हॉलच्या भिंतीवर टकटक करतात, खिडकीच्या फटीशी तळहात धरतात आणि माझ्याकडे वळून जाहीर करतात, "बाईसाहेब, रिजेक्ट!"

घर माझं, हप्ते मी भरतेय, आणि हा वरच्या मजल्यावरचा माणूस दर रविवारी येऊन ते नापास करतो. वर माझाच चहा पितो. आणि चहाही रिजेक्ट, पण दोन कप पिऊन झाल्यावर.

काका मूळचे अलिबागकडचे, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. अख्खी नोकरी इथे परदेशात, विंडसरच्या एका मोटार कारखान्यात तपासनीस म्हणून काढली. समोर आलेला पार्ट उचलायचा, फिरवून बघायचा, पास नाहीतर रिजेक्ट. रिटायर झाले, बायको गेली, नॉर्थ यॉर्कला आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले, पण सवय काही सुटली नाही. दुकानातली भेंडी रिजेक्ट, डॉक्टरांचं निदान रिजेक्ट, आणि मागचा विंटर तर त्यांनी सरळ कंपनीला परत पाठवला असता.

सोबत त्यांची नात, नेओमी. तिचे आईवडील विंडसरलाच असतात. ती इथे कॉलेजला आली आणि आजोबांकडे राहिली. "विंडसरहून रोज कोण येणार? म्हणून ठेवून घेतली," असं काका सांगायचे, जसे काही मोठे उपकारच केलेत. पोरगी गुणी. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. तिला मिलानच्या एका विद्यापीठात डिझाइनच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला आणि सगळ्यांच्या डोक्याला ताप सुरू झाला.

कारण राहायची जागा दाखवल्याशिवाय व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर प्रवेश गेला. पण जागा आहे कुठे त्या मिलानमध्ये! नेओमी मला जाहिराती वाचून दाखवायची आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एका खोलीत दोन पलंग, त्यातला एक तुमचा, आणि भाडं असं की पलंगाला चांदीचे पाय असावेत. मैत्रिणी आणायच्या नाहीत. संध्याकाळी गॅस पेटवायचा नाही. वॉशिंग मशीन बघायचं, लावायचं नाही! एका महाभागाने तर कळवलं, मी परदेशात आहे, आधी डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल. अरे चोरा! शिकायला येणाऱ्या पोरांना लुबाडतोस? कुठे फेडशील हे पाप? मी त्याला हे सगळं मराठीतच लिहून पाठवत होते, पण नेओमीने फोन हिसकावून घेतला.

त्यात काकांनी जाहीर केलं, "खोली मी पास करणार."

झालं कल्याण! काका शब्बाथ पाळतात. शुक्रवारी सूर्य मावळला की घरातले सगळे फोन बंद, ते शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत. आम्ही संकष्टीला चंद्राची वाट बघतो, तशी नेओमी बाल्कनीत उभी राहून तारे शोधायची. आणि बऱ्यातल्या खोल्या मेल्या नेमक्या शनिवारीच निघायच्या. तारे दिसेपर्यंत त्या दुसऱ्या कोणी पटकावलेल्या असायच्या.

उरलेल्या जाहिराती काका स्वतः वाचायचे, मुळातून, म्हणजे न येणाऱ्या इटालियनमधून. भाषांतराचं नाव काढायचं नाही. फोनने एकदा त्यांच्या सुक्या बोंबलाचं भाषांतर बदक असं केलं होतं, तो राग अजून होता. "माशाचं बदक करणारं यंत्र माझ्या नातीला घर काय शोधून देणार?" असं ते विचारायचे.

एका संध्याकाळी ते तरातरा आत आले. नळ सोडला नाही, भिंत वाजवली नाही. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"बाईसाहेब, हा काय चावटपणा चाललाय? पोरीच्या खोलीत कॅमेरा!"

"काय सांगता!"

"हे वाचा. कॅमेरा सिंगोला. म्हणजे सिंगल, एक. पुढे बघा, कॅमेरा डोप्पिया. डबल! दोन-दोन कॅमेरे लावतात आणि वर जाहिरातीत छापतात. लाजलज्जा सोडलीन् मेल्यांनी!"

मी वाचलं. खरंच लिहिलं होतं. एकाही जाहिरातीत कॅमेऱ्याशिवाय खोली नव्हती. माझं डोकंच फिरलं.

"आणि हे तेर्झो पियानो," काका म्हणाले. "तिसरा पियानो! ज्या घरात तीन-तीन पियानो बडवतात तिथे पोर अभ्यास काय कपाळ करणार?"

आम्ही दोघांनी टेबलाशी बसून इटलीच्या वकिलातीला ईमेल लिहायला घेतली. मी इंग्रजीतले ठेवणीतले शब्द काढले. 'मुलींची सुरक्षितता' या परिच्छेदापर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात नेओमी आजोबांना जेवायला बोलवायला आली. तिने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि हसत हसत खाली फतकल मारून बसली.

"आजोबा, कॅमेरा मीन्स रूम! पियानो मीन्स फ्लोअर! इट्स अ रूम ऑन द थर्ड फ्लोअर!"

मी मुकाट्याने लॅपटॉप मिटला. काका कसले मागे हटतात! "मग शब्द बदला म्हणावं. खोलीला कॅमेरा म्हणतात, तर कॅमेऱ्याला काय मोरी म्हणतात?"

हसू तेवढ्यापुरतंच. दिवस भराभर जात होते. खिडकी उत्तरेला म्हणून एक खोली गेली, जिना अरुंद म्हणून दुसरी, मालकाच्या मिशा आवडल्या नाहीत म्हणून तिसरी. नेओमीच्या एका मैत्रिणीने जागाच न मिळाल्याने प्रवेश सोडून दिला. तेव्हा पोरीचा बांध फुटला. "यू डोन्ट वॉन्ट मी टू गो, आजोबा! जस्ट से इट!"

"मला काय त्याचं? जा की खुशाल!" काका ओरडले आणि दार आपटून वर गेले. मला इतका संताप आला! म्हातारा हट्टापायी पोरीचं वर्ष बुडवायला निघाला होता.

शेवटी एकच जाहिरात उरली. एका म्हाताऱ्या बाईचा फ्लॅट, त्यातली एक खोली. रविवारी माझ्याच टेबलावर व्हिडिओ कॉल ठरला. काकांनी मला साक्षीदार म्हणून शेजारी बसवलं. नेओमीला कामापुरतं इटालियन येत होतं.

स्क्रीनवर पांढऱ्या केसांची, जाड भिंगांची बाई आली. काकांनी तिला नळ सोडायला लावला. तिने सोडला. भिंत वाजवायला लावली. तिने वाजवली. खिडकीशी तळहात धरायला सांगितल्यावर मात्र ती कमरेवर हात ठेवून अशी काही बरसली की भाषा न कळताही मी मनात म्हटलं, शाब्बास बाई!

"काय म्हणते?" काकांनी विचारलं.

"शी सेज, खिडकी तिच्या नवऱ्याने बसवलीय. अँड हू डू यू थिंक यू आर?"

काका जरा वरमले. पण मग त्यांनी ठेवणीतला प्रश्न काढला. "विचार तिला, भाडं इतरांपेक्षा कमी का? यात काहीतरी गोम आहे. एकट्या बाईला परकी पोर घरात हवीच कशाला?"

नेओमीने चाचरत विचारलं. बाईने चष्मा काढला. मग हळूहळू बोलायला लागली. नेओमी ऐकत राहिली, आणि कधी नव्हे ते मराठीत बोलली, अडखळत.

"त्या म्हणतात, नवरा गेल्यावर घर खूप गप्प झालं. संध्याकाळी दारात किल्ली फिरली की कोणी आलं, असं वाटतं. तो आवाज पाहिजे. म्हणून."

काका टेबलावरची बशी उगाच सरळ करत राहिले. आता हे 'रिजेक्ट' म्हणणार आणि मी यांना खडसावणार, अशी मी पदर खोचून तयार होते.

"घे ही खोली," ते म्हणाले.

"आर यू शुअर, आजोबा?"

"बाई खरं बोलतेय." त्यांनी बशी बाजूला सारली. "मी तरी तुला इतकी वर्षं कशासाठी ठेवून घेतली? विंडसरची बाकीची पोरं राहतातच की हॉस्टेलात."

नेओमीने त्यांचा हात धरला आणि ढसाढसा रडायला लागली. स्क्रीनवरची बाई घाबरून काहीतरी विचारत होती. तिला उत्तर द्यायला कोणीच नव्हतं, कारण एव्हाना माझेही डोळे भरले होते.

"अगो, रडतेस काय अशी?" काका खेकसले. "आधी तिला हो म्हण. दुसरं कोणीतरी घेऊन जाईल."