देवराव कंडक्टरची डबल बेल

आमच्या दिग्रसात एक योगवर्ग असा आहे, जो 'टिंग टिंग' झाल्याशिवाय सुरू होत नाही. डबल बेल! एस.टी.त वाजते ना, तीच. डबल बेल म्हणजे चला, सिंगल म्हणजे थांबा. ती वाजवतात आमचे योगगुरू देवराव कंडक्टर. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण अंगातला खाकी शर्ट काही उतरला नाही. खाली योगाची सैल पँट, वर खाकी! पहिल्या दिवशी मला हसू आवरेना, तर गंभीरपणे मलाच विचारतात, "कुठं उतरायचं, मॅडम?"

मी इथल्या शाळेत शिकवते. मुलं मला घाबरतात आणि मी देवरावकाकांना.

काका एकदा लेकीकडे पुण्याला गेलते. तिथं लोक बंद खोलीत हीटर लावून आसनं करतात, त्याला हॉट योगा म्हणतात, हे पाहून आले ते पेटूनच. "हीटर लावून घाम काढून राह्यले बाप्पा! मंग आपल्या गावातला सूर्य कायले हाये?" झालं! सरकीचं एक रिकामं गोदाम मालकाला गळ घालून मिळवलं आणि ऐन मे महिन्यात पत्र्याखाली वर्ग सुरू. सकाळी सातला, पत्रा तापायच्या आत. सगळं गाव म्हणालं, हा म्हातारा कोणाचा तरी जीव घेणार.

अहो, जीव कसला घेतोय! दारातच चेकिंग. "पाणी पेलं? झोप झाली? पोटात पराठे भरून तर नाही आले? बी.पी.ची गोळी?" उत्तरं पटली तर तिकिटाच्या जुन्या पंचनं हजेरीच्या कार्डाला भोक, नाहीतर घरी परत. नवीन माणसाला पहिला आठवडा दाराजवळची जागा आणि निम्मीच आसनं. प्रत्येकाच्या चटईशी मीठ-साखर-लिंबाचं पाणी. भिंतीवर थर्मामीटर, त्यावर एक लाल टिकली चिकटवलेली. पारा टिकलीला टेकला की वर्ग बंद, मग तुम्ही डोक्यावर उभे असा की पायावर.

आणि दोरी! दारावरच्या घंटेची दोरी छताखालून अख्ख्या गोदामात फिरवलेली, प्रत्येकाच्या हाताला येईल अशी. चक्कर वाटली, मळमळलं, की ओढायची. अख्खी गाडी थांबते, आणि काहून ओढली म्हणून कोणी विचारायचं नाही. फक्त पुढे भिंतीशी काका उभे राहतात, तिथवर ती पोचत नाही.

एक शब्द मात्र तिथं उच्चारायचा नाही. 'दोन मिनिटं.' मी एकदा वृक्षासनात डगमगत होते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण शेजारची डॉक्टरीणबाई उभी, मग मी कशी हरणार? म्हटलं, "काका, दोनच मिनिटं!" काका असे ओरडले की पत्रा हादरला. "उतरा! खाली उतरा, मॅडम! या गाडीत दोन मिनिटं नाही!" सगळ्यांसमोर मला बाहेर निंबाखाली बसवलं. असा राग आला म्हणून सांगू! आठ दिवस मी गेलेच नाही. मग गेले, कारण पाठ दुखायची थांबली होती ती पुन्हा सुरू झाली.

मागच्या मे महिन्यात गावाच्या बोलण्यानं गोदामाचे मालक बिचकले. म्हणाले, मी स्वतः येऊन बघतो. पटलं तर चालू, नाहीतर कुलूप. काकांनी आठवडाभर आमचा जीव खाल्ला. शर्टाला कडक इस्त्री काय, पितळी बिल्ल्याला पॉलिश काय! आम्हीही चेकाळलो होतो, परीक्षाच जणू!

मालक आले साडेनऊला. सातचे साडेनऊ! पत्रा नुसता रटरटत होता. मी म्हटलं, "काका, आज राहू द्या." ते म्हणाले, "मॅडम, आज राह्यलं तर कायमचं राह्यलं." आणि टिंग टिंग!

तिसऱ्या आसनाला मी पाहिलं, पारा टिकलीला टेकलेला. काकांनीही पाहिलं. पण बेल दिली नाही. चेहरा पांढराफटक, हात भिंतीवर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, बसा!" आणि काका पुटपुटले, "काही नाही… दोन मिनिटं…"

मी झडप घालून दोरी ओढली. टिंग! पंधराच्या पंधरा माणसं जागच्या जागी थांबली. मालकसुद्धा खुर्चीतून उठले. आम्ही काकांना उचलून निंबाखाली नेलं, पायाखाली उशी दिली, ओल्या फडक्यानं मान पुसली. शुद्ध होतीच, डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली आणि म्हणाल्या, वेळेवर थांबलो.

घोटभर पाणी पोटात गेल्यावर काका म्हणाले, "तुमची काकू… कळंबच्या लग्नात, असंच ऊन. मले म्हणे, चक्कर येऊन राह्यली. म्या म्हटलं, थांब दोन मिनिटं, मंगलाष्टकं होऊ दे." "मंगलाष्टकं झाली, पण ते काही उठली नाही." मग हळूच, "ते टिकली तिच्याच टिकल्यांच्या पाकिटातली हाये."

निंबाखाली बसवल्याबद्दल आठ दिवस फुगून बसले होते मी! मला माझीच लाज वाटली.

मालक घाम पुसत उभे होते. म्हणाले, "एका घंटीत एवढी माणसं थांबतात, तर चालू द्या. पण सातलाच. मी उशिरा आलो, माझं चुकलं."

दुसऱ्या दिवशी सुट्टी. तिसऱ्या दिवशी मी लवकर गेले आणि सुतळीचा तुकडा जोडून दोरी पार भिंतीपर्यंत नेली. काका आले, आपल्या जागेवर उभे राहिले. डोक्यावर लोंबणारी दोरी बघून म्हणाले, "हे कायले? मी तं कंडक्टर हाये."

"काका, तुम्हीही याच गाडीत बसलेले आहात ना."

ते बराच वेळ सुतळीची गाठ चाचपत राहिले. मग टिकलीकडे पाहिलं, डोळे पुसले, आणि दाराशी जाऊन डबल बेल दिली.